लो कॅलरी ऑइल स्प्रे घरी बनवता येतो का? आणि बाटली रिफिल कशी करता?

अर्धाचमचा (पुणे)

नमस्कार, धागा चुकीच्या विभागात असेल तर हलवा प्लीज.

आमच्या डाएटिशियन बाईंनी घराला तेलाचं रेशनिंग लावलंय, माणशी महिन्याला अर्धा लिटर, आणि त्यात फोडण्या आल्या, थालीपीठं आली, रविवारची भजी आली, सगळं त्यातच बसवायचं. सासूबाई थालीपीठाच्या भोकांत चमचा रिकामा होईपर्यंत तेल सोडतात आणि मी काही बोलत नाही कारण थालीपीठ त्यांचंच भारी होतं :)

म्हणून तव्यासाठी आणि एअरफ्रायरसाठी तो तयार कुकिंग स्प्रेचा कॅन आणला सुपरमार्केटमधून, इम्पोर्टेड. वस्तू चांगलीय, पण २०० मिलीच्या डब्याला जेवढे मोजले तेवढ्यात शेंगदाणा तेलाची लिटरची पिशवी आली असती. एअरफ्रायर असलेल्या घरात तो डबा किती पुरतो ते तुम्हाला माहितीच आहे. तर आता घरीच बनवावा म्हणते.

नेटवर दोन प्रकार दिसतात, एक म्हणजे तेल आणि पाणी निम्मं निम्मं घालायचं, हलवायचं आणि मारायचं, आणि दुसरा म्हणजे तेलात लेसिथिन नावाचं काहीतरी आणि थोडी व्होडका (!!) घालायची. व्होडकाचं घरी कसं सांगू तो वेगळाच प्रश्न. तर विचारायचंय असं की पाणी घातलेलं चालतं का, बाटली कुठली घ्यावी, हा रिकामा झालेला कॅनच परत भरता येईल का, आणि एका स्प्रेला कॅलरी किती धरायच्या, कारण कॅनवर शून्य लिहिलंय आणि ते मला काही पटत नाहीये. आम्ही लाकडी घाण्याचं तेल वापरतो, ते चालेल ना त्यात?

मोजूनमापून (ठाणे)

शंका बरोबर आहे तुमची. तेल कुठलंही असो, ऑलिव्ह, करडई, सूर्यफूल, घाण्याचं, एका ग्रॅमला ९ कॅलरी. छोटा चमचा म्हणजे ५ मिली, वजनाला साडेचार ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. स्प्रेमध्ये भरल्याने त्यातली एकही कमी होत नाही, फक्त कमी तेल जास्त जागेवर पसरतं.

आता त्या शून्याचं सांगतो. अमेरिकेत नियम असाय की एका सर्व्हिंगमध्ये ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर लेबलवर शून्य छापता येतं, आणि फॅट अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर तिथेही शून्य. मग सर्व्हिंग किती धरायचं, तर पाव सेकंद! पाव सेकंद नोझल दाबलं की साधारण पाव ग्रॅम तेल येतं, त्याच्या सव्वादोन कॅलरी, झालं शून्य. आपण तवा झाकायला दोन-तीन सेकंद तरी दाबून धरतो, म्हणजे १८ ते २७ कॅलरी. पॅम नावाचा स्प्रे तिकडे १९५९ पासून विकला जातोय, एवढी वर्षं लोक पाव सेकंद वाचतायत आणि तीन सेकंद मारतायत.

घरच्या बाटलीचं मात्र तुम्हाला स्वतःच काढावं लागेल कारण प्रत्येक पंप वेगळं तेल सोडतो. भरलेली बाटली किचनच्या काट्यावर ठेवायची, वजन लिहायचं, मग एका वाटीत २० स्प्रे मारायचे (तेल वाया नाही जात, फोडणीला घ्या), परत वजन करायचं. समजा ८ ग्रॅम कमी झालं तर एक स्प्रे ०.४ ग्रॅम, म्हणजे ३.६ कॅलरी. एकच स्प्रे मारून मोजू नका, घरातले काटे एका ग्रॅमच्या खाली काही धड दाखवत नाहीत. आलेला आकडा बाटलीवर मार्करने लिहून टाका.

थालीपीठाला सहा स्प्रे मारले तरी २२ कॅलरी होतात, दोन चमचे सोडले तर ८०. स्प्रेचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो, मोजता येतं. तेलाच्या कावळ्यातून ओतताना कोण मोजतंय.

बिनधास्तबंड्या (कोल्हापूर)

एवढं काय त्यात, मी निम्मं तेल निम्मं पाणी घालतो, जोरात हलवतो आणि मारतो, मस्त चालतंय. लॉकडाऊनमधली सॅनिटायझरची बाटली पडून होती घरात, धुतली आणि वापरायला काढली. खर्च शून्य. आणि कॅलरीपण निम्म्या झाल्या की आपोआप, निम्मं पाणीच आहे म्हटल्यावर.

अर्धाचमचा (पुणे)

@मोजूनमापून, पाव सेकंद वाचून हसू आलं आणि रागही आला. काट्याचं उद्याच करते.

@बिनधास्तबंड्या तव्यावर तडतडत नाही का हो पाणी?

बिनधास्तबंड्या (कोल्हापूर)

उडतंय थोडं. लांबून मारायचं.

फूडटेकवाली (नाशिक)

बंड्याभाऊ, आधी ती बाटली बदला, बाकीचं नंतर बोलू. सॅनिटायझर, काच पुसायचं लिक्विड, शाम्पू, यांच्या बाटल्या खाण्याच्या तेलासाठी बनवलेल्या नसतात. बाटली स्वच्छ धुतली तरी पंपाच्या आतली स्प्रिंग, रबराची चकती, ती बारीक नळी यांत जुना वास आणि जुनं केमिकल राहतं, आणि तेल असल्या गोष्टी पाण्यापेक्षा जास्त ओढून घेतं. वर स्वस्त रबर तेलात फुगतं आणि पंप अडकतो तो वेगळाच. फूड ग्रेड लिहिलेली, काचेची किंवा स्टीलची घ्या, काच असेल तर गडद रंगाची, कारण उजेडाने तेल लवकर खवट होतं.

आता पाण्याचं. तेल हलकं, पाणी जड, हलवणं थांबवलं की एक-दोन मिनिटांत पाणी खाली जाऊन बसतं. आणि स्प्रेची नळी कुठे असते? बाटलीच्या तळाशी. म्हणजे तुम्ही हलवायला जरा आळस केला की पहिले सगळे स्प्रे नुसत्या पाण्याचे, तवा ओला, पीठ चिकटलं, मग माणूस वैतागून आणखी चार स्प्रे मारतो. पुढे पाणी संपत आलं की नुसतं तेल यायला लागतं. त्यामुळे "निम्म्या कॅलरी" हा हिशोब बाटलीच्या सरासरीला खरा आहे, तुमच्या एका घावनाला नाही.

दुसरं म्हणजे पाण्याने जंतूंची सोय होते. नुसत्या तेलात जंतू वाढत नाहीत कारण त्यांना लागतं तेवढं पाणी तिथे नसतं. पाणी घातलंत, ओट्यावर गॅसच्या शेजारी कोमट जागेत ठेवलंत, की ती बाटली आठवडाभर तशी ठेवण्यासारखी राहत नाही. करायचंच असेल तर त्या दिवसापुरतं करा आणि उरलेलं टाका. पण मग एवढा खटाटोप कशाला.

लेसिथिन म्हणजे सोयाबीनच्या (कधी सूर्यफुलाच्या) तेलातून निघणारा चिकट पिवळट-तपकिरी पदार्थ, त्याचं एक टोक पाण्याला धरतं आणि एक तेलाला, म्हणून दोन्ही जरा जास्त वेळ एकत्र राहतात. अंड्याच्या बलकातही हेच असतं आणि मेयोनेज त्याच्यावरच उभं राहतं. पण कारखान्यात हे मिश्रण होमोजिनायझरमधून काढतात, थेंब अतिशय बारीक करतात, सोबत झँथन गमसारखं दाटपणा देणारं घालतात. घरी मिक्सरला फिरवून ते तितकं टिकत नाही. लेसिथिन ही स्वतः फॅटच आहे हे पण लक्षात ठेवा, आणि सोयाची अ‍ॅलर्जी कोणाला असेल तर नकोच.

पाणी न घालता नुसतं तेल आणि लेसिथिन हा प्रकार मात्र मला पटतो, कारण त्याने पदार्थ सुटतो छान. १०० मिली तेलाला अर्धा छोटा चमचा लिक्विड लेसिथिन पुरे. दाणेदार पावडर घेऊ नका, ती तेलात नीट विरघळत नाही आणि नोझल तुंबतं. केकच्या टिनला, इडलीपात्राला, आप्पेपात्राला उत्तम. पण नॉनस्टिकवर आणि एअरफ्रायरच्या बास्केटवर वापरू नका, लेसिथिन तापून तपकिरी होतं आणि त्याचा चिकट थर बसतो जो घासून जात नाही, आणि घासायला गेलात की कोटिंग जातं. तयार स्प्रेच्या कॅनमध्येही बहुतेक वेळा तेच असतं, म्हणून बऱ्याच नॉनस्टिकवाल्या कंपन्या असे स्प्रे वापरू नका म्हणून सांगतात.

व्होडकाचं टेन्शन घेऊ नका, ती वगळा. ४० टक्के अल्कोहोल म्हणजे उरलेलं पाणीच की, तेही तेलात मिसळत नाही. वर तापलेल्या तव्यावर अल्कोहोलची वाफ आणि खाली गॅसची ज्योत. नकोच.

अर्धाचमचा (पुणे)

वा, ताई, एवढं सविस्तर! म्हणजे नुसतं तेल आणि चांगली बाटली, एवढंच ना. मग त्या कॅनचं काय, फेकून देऊ?

फूडटेकवाली (नाशिक)

हो, तो परत भरता येत नाही. तोंड पत्र्याने दाबून बंद केलेलं असतं आणि आत तेल ढकलायला ब्युटेन-प्रोपेनसारखा गॅस असतो, म्हणजे साधारण आपल्या सिलेंडरातलाच. रिकामा वाटला तरी थोडा आत राहतो. भोक पाडू नका, गॅसजवळ ठेवू नका, सुक्या कचऱ्यात द्या. नेटवर तो खिळ्याने उघडून भरणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

लेस्टरकर

इकडे यूकेमध्ये हा प्रकार घरोघरी आहे म्हणून लिहिते. इथे फ्राय लाइट नावाची छोटी बाटली मिळते, ती गॅसचा कॅन नसून साध्या पंपाची आहे, आणि तिच्यावर एका स्प्रेला १ कॅलरी असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, एक स्प्रे ०.२ मिलीचा आणि त्यात निम्म्याच्या आसपास तेल, बाकी पाणी, अल्कोहोल, लेसिथिन, झँथन गम. गणित करून बघा, बरोबर एकच्या जवळ येतं. स्लिमिंग क्लासला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींच्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल पण ही असते.

आता गंमत अशी की खूप जणी संपलेल्या बाटलीत घरचं तेल भरतात आणि कॅलरी मात्र एकच मोजत राहतात. नुसतं तेल भरलं की तोच ०.२ मिली म्हणजे जवळजवळ पावणेदोन कॅलरी. फार नाहीत, पण "एकच तर आहे" म्हणत कढईत तीस स्प्रे मारणाऱ्या बायका बघितल्यात मी, ते झाले पन्नास. त्यापेक्षा सरळ एक चमचा मोजून घालावा, वेळही वाचतो.

आणि नुसतं तेल त्या पंपाला जड जातं. त्यातून धार येते, फवारा नाही. मी इथे थंडीत बाटली पाच मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात उभी करते, तेल पातळ होतं आणि मग फवारा बरा पडतो. खोबरेल भरायचा विचार करत असाल तर २४-२५ डिग्रीच्या खाली ते गोठतं, इथे तर बारा महिने नळीतच बसेल. पुण्यातही डिसेंबरात तेच होईल.

घावनप्रेमी (रत्नागिरी)

हे सगळं वाचून माझी आजी हसली असती. अहो बिडाचा तवा घ्या, अर्धा कांदा काट्याला टोचा, तेलात टेकवा आणि तव्यावर फिरवा, झालं काम. आमच्याकडे नारळाची शेंडी वापरायचे, वाटीत दोन थेंब तेल, त्यात शेंडी बुडवायची, तवा पुसून घ्यायचा आणि घावन घालायचं. वांग्याचं देठ, केळीच्या पानाचा देठ, जे हाताला लागेल ते. एका वाटीत अख्ख्या घराची घावनं व्हायची. याच्यापेक्षा लो कॅलरी काय असणार आणि रिफिलचा तर प्रश्नच नाही, नारळ रोजच फुटतो घरात.

अर्धाचमचा (पुणे)

@घावनप्रेमी घावनाला शंभर टक्के मान्य. पण एअरफ्रायरमध्ये अळूवडीच्या चकत्यांवर कांदा कुठे फिरवू :)

घावनप्रेमी (रत्नागिरी)

अळूवडी एअरफ्रायरमध्ये. बरं. मी गप्प बसतो.

मोजूनमापून (ठाणे)

घावनप्रेमींचं तव्यापुरतं खरंय, बिडाच्या तव्यावर कांदा स्प्रेपेक्षा सरस. स्प्रे लागतो तो जिथे पदार्थाच्या अंगाला तेल लावायचंय तिथे. अळूवडी, कोथिंबीर वडी, कटलेट, रवा लावलेली सुरमई, पनीरचे तुकडे, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा करताना पोह्यांवर. एअरफ्रायर म्हणजे आत गरम हवा जोरात फिरते, कोरड्या पिठावर थोडं तेल नसेल तर ते पांढरं आणि खडखडीत राहतं, लाल होत नाही.

फोडणीला मात्र स्प्रे वापरायला जाऊ नका. मोहरी तेलात बुडली तर तडतडते, हिंग-हळद तेलात उतरते, तेलाच्या पातळ थरावर हळद जळते फक्त. तिथे चमचाच, पण मोजून. दोन चमचे फोडणी चार माणसांत, माणशी २० कॅलरी, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

दोनवेळातळण (सोलापूर)

एक बाळबोध प्रश्न. तळून उरलेलं तेल गाळून स्प्रेमध्ये भरलं तर? नाहीतर ते संपतच नाही, भाज्यांत घालून घालून कंटाळा येतो.

फूडटेकवाली (नाशिक)

नको. तळलेलं तेल दाट होतं, त्यात पिठाचे बारीक कण असतात, आणि ते आधीच खराब व्हायच्या रस्त्याला लागलेलं असतं. नोझल तर बसेलच, पण बाटलीला लागलेला खवटपणा पुढच्या ताज्या तेलालाही लागतो. हॉटेलवाल्यांना एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) तळणाच्या तेलासाठी मर्यादा घालून दिलीय, टोटल पोलर कंपाउंड्स (तेल तापून बिघडताना तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, २०१८ पासून. घरी मोजायचं यंत्र नसतं, तेव्हा फेस यायला लागला, रंग काळपट झाला, वास बदलला की समजायचं. एकदा तळलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवा, आणि मुळात कढई लहान घ्या म्हणजे उरणार नाही.

बिनधास्तबंड्या (कोल्हापूर)

बरं बाटली बदलतो. पण मग लसणाची पाकळी आणि मिरची टाकून ठेवली तेलात तर? तांबड्या रश्श्याच्या गावचे आम्ही, नुसतं तेल कसं मारणार.

फूडटेकवाली (नाशिक)

भाऊ तुम्ही बरोबर नको तेच शोधून काढता. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं हे पाण्यापेक्षाही वाईट. लसूण जमिनीखालचा, त्याच्यासोबत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू येऊ शकतात, त्यांना हवा नको असते आणि तेलाखाली हवा नसतेच. त्यातून जे विष तयार होतं ते भयंकर असतं, आणि वासावरून, चवीवरून काही कळत नाही. लसणाचं तेल करायचंच तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. स्प्रेच्या बाटलीत तर नाहीच. मिरचीची चव हवी तर पदार्थाला आधी तेल मारा आणि वरून कांदा-लसूण मसाला भुरभुरवा, तेलामुळे तो चिकटतोही छान.

नागपुरी_तर्री

एवढ्या चर्चेत रिफिलचं कोणी नीट सांगितलंच नाही, मूळ प्रश्न तोच होता ना बाईंचा. आमच्याकडे दोन बाटल्या आहेत, एक ट्रिगरची आणि एक ती वरचं झाकण खालीवर करून हवा भरायची असते ती. दोन्हींचं वेगळं आहे म्हणून वेगळं सांगतो.

हवा भरायची बाटली फवारा फार सुंदर देते, अगदी धुक्यासारखा, पण ती गळ्यापर्यंत भरायची नाही. हवेला जागा लागते, निम्मी किंवा फार तर दोन तृतीयांश भरा, नाहीतर दाबच तयार होत नाही आणि लोक म्हणतात बाटली खराब निघाली. झाकण दहा-पंधरा वेळा पंप करायचं, मारायचं, काम झालं की झाकण सैल करून दाब सोडून द्यायचा. ट्रिगरवाली दणकट, पण तेल जास्त सोडते, आणि ट्रिगर पूर्ण आणि झटक्यात दाबावा लागतो, हळू दाबला की धारच येते. कमी तेल हवंय म्हणून लोक हळू दाबतात आणि एकाच जागी तळं करतात.

घाण्याचं तेल चालतं, आम्ही पण तेच आणतो, जवसाचं पण आणि शेंगदाण्याचं पण, फक्त ते सरळ बाटलीत ओतायचं नाही. त्याच्यात गाळ असतो. डबा दोन-तीन दिवस न हलवता ठेवायचा, वरचं वरचं तेल घ्यायचं, आणि पातळ मलमलच्या दुहेरी कापडातून गाळायचं. कॉफीच्या फिल्टर पेपरमधून आणखी साफ येतं पण तेवढ्यात माझ्या दोन भाकरी भाजून होतात. जवसाचं मात्र तापवायला नको, चटणीवर किंवा सॅलडवर मारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरून वरून भरत जायचं नाही. बाटली अर्धी झाली की टाक तेल, परत अर्धी झाली की टाक तेल, असं केलं की तळाचं जुनं तेल कधी संपतच नाही, ते खवट होतं आणि नव्याला पण बिघडवतं. पूर्ण संपू द्यायची. मग गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून हलवायची, आणि तेच साबणाचं पाणी सिंकमध्ये स्प्रे करायचं म्हणजे पंपाच्या आतलं पण निघतं. मग साधं गरम पाणी तसंच स्प्रे करायचं, फेस जाईपर्यंत. नोझलच्या टोकाला पिवळा डिंकासारखा थर दिसला तर टोक गरम साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासायचं, सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि मग आयुष्यभर धार. नळीच्या खालच्या टोकाला बारीक जाळी असते काही बाटल्यांत, ती पण बघा, निम्म्या वेळा ती जाळीच तुंबलेली असते आणि आपण नोझलला शिव्या देतो.

नंतर वाळवणं. रात्रभर उलटी ठेवा, पंप वेगळा, बाटली वेगळी. पाण्याचा थेंब आत राहिला की तव्यावर फुटतो. भरताना छोटं नरसाळं घ्या. आणि १००-१५० मिलीच भरा, आमच्या नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं तेल कसं होतं ते विचारू नका. भरल्याची तारीख चिकटवा, महिन्याच्या आत संपवा, गॅसपासून लांब कपाटात ठेवा.

अर्धाचमचा (पुणे)

दादा हे मी प्रिंट काढून फ्रीजला लावणार आहे. जाळीचं माहितीच नव्हतं.

लेस्टरकर

नागपुरी दादांच्यात दोन गोष्टी जोडते. एक, पेटत्या गॅसवर ठेवलेल्या तव्यावर वरून स्प्रे मारू नका, तेलाचे बारीक थेंब ज्योतीला लागले की भपका होतो. तवा उचलून बाजूला घ्या, मारा, परत ठेवा. एअरफ्रायरचंही तसंच, बास्केट बाहेर काढून मारा, आत तोंड घालून नाही, नाहीतर वरच्या कॉइलवर तेल बसतं आणि पुढच्या वेळी धूर. दोन, फरशी! हा फवारा जेवढा पदार्थावर पडतो तेवढाच खाली टाइल्सवर पडतो आणि कळतही नाही. माझ्या नवऱ्याने एकदा सॉक्स घालून किचनमध्ये स्केटिंग केलंय. सिंकवर धरून मारा किंवा खाली जुना पेपर अंथरा.

घावनप्रेमी (रत्नागिरी)

कांद्याने फरशी निसरडी होत नाही. एवढंच नमूद करतो.

मोजूनमापून (ठाणे)

हा हा. घावनप्रेमी हार मानणार नाहीत.

अर्धाचमचा ताई, तुमच्या डाएटिशियन बाईंच्या अर्ध्या लिटरचा हिशोब पण सांगून टाकतो, महिन्याला ५०० मिली म्हणजे दिवसाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन छोटे चमचे आणि वर थोडं. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी मन की बातमध्ये दर महिन्याला १० टक्के कमी तेल घ्या म्हणून सांगितलं होतं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी स्प्रेच्या बाटल्या मागवल्या. त्यातल्या निम्म्या आता झाडांना पाणी मारायला आहेत, कारण कोणी काट्यावर मोजलंच नाही, पिशवी तेवढीच संपत होती. पिशवीवर तारीख टाका, ती किती दिवस पुरते ते बघा. बाटली काम करतेय की नाही ते तिथेच कळतं.

अर्धाचमचा (पुणे)

पिशवीवर तारीख, हे आवडलं. सासूबाईंनाही चालेल असं आहे, त्यांच्या थालीपीठात हात न घालता.

ठरलं मग, गडद काचेची बाटली, नुसतं तेल, पाणी नाही, व्होडका नाही. शेवटचं विचारते, चतुर्थीला साबुदाणा वडे एअरफ्रायरमध्ये करणार आहे. तूप पातळ करून स्प्रेमध्ये भरू का? आणि किती वेळा मारायचं?

फूडटेकवाली (नाशिक)

तूप नको, दहा मिनिटांत पंपातच गोठेल आणि मग नागपुरी दादांची सगळी साफसफाई पहिल्यापासून. शेंगदाणा तेल उपासाला चालतं की. साबुदाणा नीट भिजलेला आणि कोरडा हवा, दाण्याचं कूट जरा हात सैल सोडून घाला, कुटातलं तेलही कामाला येतं. वडे चपटे थापा, जाड राहिले तर आत कच्चे राहतात. १८० डिग्रीला आधी गरम करून घ्या, वड्यांना दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्प्रे, आठ-दहा मिनिटांनी उलटा, तेव्हा वरच्या बाजूला परत एक-एक. रंग येईपर्यंत ठेवा, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. तळलेल्यासारखे होणार नाहीत हे आधीच घरी सांगून ठेवा, चटणी मात्र नेहमीपेक्षा जास्त करा.